नेमसिंगचा रांजण

बढाईखोर माणसाचा मला मनापासून राग येतो. राळेगावला कापसाच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकासमोर माझं सायकलचं दुकान होतं, आणि सायकलच्या धंद्यात बढाई चालत नाही. पंक्चर नीट बसलं की नाही हे पाण्याच्या घमेल्यात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर दिसतं. तरी नेमसिंग आडे या माणसाशी माझी दोस्ती झाली आणि टिकली. त्याच्याइतका बढाईखोर जीव साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. तो आला की मी त्याला स्टूल द्यायचो, चहा सांगायचो आणि मग तो जाईपर्यंत दातओठ खात बसायचो.

नेमसिंग जवळच्या तांड्यावरचा. त्याचे खापरपणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून समुद्राकाठापासून इकडे यायचे. पुढं रेल्वे आली, मिठाची ने-आण बुडाली आणि ती माणसं एका जागी राहून शेती करू लागली. नेमसिंगनं स्वतः मिठाचा एक बैलही हाकला नव्हता, पण तोरा असा, की जणू कालच गोणी उतरवून आला. "नागोराव, तुमच्या अळणी मुलखाले चव आमी देल्ली," असं तो मला म्हणायचा.

"व्हय बाप्पा," मी म्हणायचो, "आन् तुह्या चहाले साखर मी देऊन राह्यलो. थंडा होऊन राह्यला, पी."

राजूरच्या कोळशाच्या खाणीवर त्यानं काही वर्षं काढली होती. तिथं एका वेल्डरच्या हाताखाली राहून तो लोखंड सांधायला शिकला. साठ साली परत आला तेव्हा त्याच्याजवळ काडी धरायचा चिमटा होता, काळ्या काचेचा मुखवटा होता, वेल्डिंगच्या काड्यांचं एक बंडल होतं. नव्हतं ते फक्त वेल्डिंगचं मशीन. म्हणजे लगाम होता, खोगीर होतं, चाबूकसुद्धा होता. घोडा तेवढा आणायचा राहिला होता.

त्याला जिनात काम मिळालं ते इंजिनाला तेलपाणी करण्याचं. जिनात माणसं दोन प्रकारची असत. एकांना 'ए' म्हणून हाक मारत, दुसऱ्यांना नावानं. नेमसिंग 'ए'मधला. त्यातही फोरमन बाबाराव त्याला 'ए लमाण' म्हणायचे, आणि हे म्हणताना त्यांच्या मनात काही वाईट नसायचं, हेच मला जास्त लागायचं. जिनाचा जुना मिस्त्री हिंगणघाटला निघून गेला होता आणि ती जागा रिकामी होती. नेमसिंगचा सारा जीव त्या जागेवर. पगाराचं तो कधी बोलला नाही. "नेमसिंग मिस्त्री," एवढंच तो स्वतःशी म्हणून पाहायचा, माझ्या दुकानात बसून, सायकलच्या घंटीत तोंड बघत.

वेल्डिंगचा जाळ म्हणजे काय, हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं, की आता मीच कोणालाही सांगू शकतो. काडी लोखंडाला टेकवायची आणि किंचित उचलायची. मधल्या फटीतून वीज उडी मारते, आणि तिथली हवाच पेटून उठते. हा जाळ मोठा खादाड. मोकळा सोडला तर मिळेल तेवढी वीज गिळतो, आणि जितकी गिळेल तितकी त्याची भूक वाढते. म्हणून वीज आणि जाळ यांच्यामध्ये कोणीतरी हात आखडता धरणारं लागतं. फार आखडला तर जाळ विझतो आणि काडी लोखंडाला चिकटून बसते. फार सैल सोडला तर लोखंडाला भोक. खाणीवरच्या मशीनमध्ये ती सोय आतच केलेली होती. जिनात होता नुसता दिव्यांचा डायनामो, ऑइल इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. दिवसा दिवे लागत नसत, तेव्हा तो नेमसिंगला मोकळा मिळाला.

पहिल्या दिवशी त्यानं डायनामोच्या तारा सरळ काडीला जोडल्या. काडी चिकटली, इंजिन गुरगुरलं आणि पट्टा सुटून उडाला तो बाबारावांच्या पाण्याच्या माठावर. दुसऱ्या खेपेला त्यानं मध्ये लोखंडी तारेची वेटोळी टांगली. ती लालबुंद झाली. जिनात हवेत सगळीकडे कापसाची रुई तरंगत असते, तेव्हा बाबारावांनी नेमसिंगला वेटोळ्यांसकट हाकलून इंजिनघराच्या मागच्या पडवीत लावून दिलं. तिथं कापूस नव्हता.

त्या पडवीत नेमसिंगनं रांजण मांडला.

मिठाच्या पाण्यातून वीज जाते, पण रडतखडत जाते, हे त्यानं खाणीवर ऐकलं होतं. मग काय, मीठ म्हटल्यावर त्याच्या अंगात खापरपणजाच संचारला. त्यानं एक मोठा मातीचा रांजण आणला, तळाशी लोखंडी पत्रा ठेवला, दुसरा पत्रा वरून अंबाडीच्या दोरानं पाण्यात सोडला. दोर विहिरीच्या जुन्या गराडीवरून घेतला. वरचा पत्रा खाली सोडला की दोन पत्रे जवळ येतात आणि वीज जास्त जाते. वर ओढला की कमी. रोज सकाळी नवं पाणी आणि त्यात बरोबर दोन ओंजळी मीठ. ओंजळ त्याचीच हवी, दुसऱ्याची चालत नसे.

रांजणावर जाळ लागला. पण थोडा वेळच गुणी राहायचा. पाणी तापलं की वीज जास्त सुटते, जास्त सुटली की पाणी आणखी तापतं, आणि मग जाळ खवळतो. म्हणजे कोणीतरी दोराशी बसून पाणी तापेल तसा पत्रा वर ओढायला हवा. नेमसिंगचे दोन्ही हात कामात आणि तोंड मुखवट्यात. ते काम आलं त्याच्या बायकोकडे, रुपीबाईकडे.

रुपीबाई उंच, हाडापेरानं मजबूत, हातभर पांढऱ्या बांगड्या, आणि जीभ अशी, की बाबाराव तिला बघून रस्त्याची बाजू बदलायचे. ती नवऱ्याची भाकर घेऊन आली होती, तर त्यानं तिच्या हातात दोर दिला. "मी वरडलो का वढजो," म्हणाला. त्या दोघांचं आपसातलं भांडण त्यांच्या गोर बोलीत चालायचं, ते मला निम्मंच कळायचं. पण त्या दिवशी कळायला भाषा लागली नाही. मुखवट्यातून त्याचं ओरडणं तिला ऐकू येईना, इंजिनापुढं तर मुळीच नाही. दोनदा भोक पडलं, दोनदा काडी चिकटली, दोनदा भाकर जमिनीवर आपटली. तिसऱ्यांदा तिनं त्याच्याकडे पाहणंच सोडलं. जाळाकडे पाठ करून बसली आणि आपल्या मनानं दोर ओढू-सोडू लागली. जाळ एकसारखा लागला.

मी एकदा तिला विचारलं, "वहिनी, तुले कसं समजते कवा वढाचं?"

"कढईत भजे टाकले का आवाज येते नं? तसा आवाज पाह्यजे. जास्त तापली का वेगळा येते, थंडी झाली का वेगळा. आन् हे इंजिन हाय नं, त्याच्यावर वझं पडलं का थे धापा टाकते. भाऊ, कढई तापली का नाही, हे पाह्याले बाईमाणूस वाकून पाह्यते का?"

आता नेमसिंगनं बाजारपेठेत काय सांगितलं असेल? सांगितलं ते असं: जाळ थिर राहतो तो मिठाच्या मापामुळे. दोन ओंजळी, ना कमी ना जास्त. हे माप साऱ्या मुलखात एकट्या त्याला ठाऊक, कारण ते त्याच्या रक्तात आहे. त्यानं माझ्या सायकलींच्या दांड्या सांधल्या, नांगराचे फाळ सांधले, ठाण्यातली तुटकी खुर्ची सांधली, आणि प्रत्येक सांध्यामागं मिठाची गोष्ट ऐकवली. सांधे पक्के होते म्हणून मी ऐकून घ्यायचो. रुपीबाईचं नाव गोष्टीत यायचं ते शेवटी, "आन् बायको दोर धरून बसते" एवढंच.

एकसष्ट साली, दसऱ्याच्या तोंडावर, जिनातल्या गाठी बांधायच्या प्रेसची बिजागरी तुटली. रुई दाबायची जी मोठी लोखंडी पेटी, तिच्या दाराची ही बिजागरी, मनगटाएवढी जाड. ती गेली म्हणजे गाठ बांधणं बंद. इकडे कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, फाटकाबाहेर उभ्या राहायला लागल्या होत्या. बाबारावांचं म्हणणं, नागपूरहून माणूस आणावा. नेमसिंगचं म्हणणं, नागपूरच्या माणसाला मिठातलं काय कळतं.

जिनाचे मालक शेठ वर्ध्याहून स्वतः आले. त्यांनी बिजागरी पाहिली, नेमसिंगला पाहिलं आणि चार लोकांसमोर सांगितलं, "उद्या सकाळी तू सांध. प्रेसनं एक गाठ नीट बांधली, तर मिस्त्रीची जागा तुझी. नाही जमलं, तर बाबाराव दुपारच्या एसटीनं नागपूरला जातील आणि जो माणूस आणतील, तोच इथं मिस्त्री राहील."

एवढं स्पष्ट झाल्यावर राळेगावात दुसरा विषय उरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी ही गर्दी. तांड्यावरची माणसं बंडीत बसून आली, त्यांत नेमसिंगची म्हातारी आई लालीबाईसुद्धा होती. रुपीबाई ठेवणीतला आरशांचा घागरा घालून आली आणि पडवीकडे निघाली, तेवढ्यात बाबाराव आडवे आले.

"आज नोको, बाई. शेठ अंदर हाये. इंजिनाजवळ बाईमाणूस पाह्यलं त मलेच रागावतीन."

आता इथं नेमसिंगनं एक शब्द बोलायचा होता. एकच. पण समोर अख्खं गाव उभं होतं, आणि गर्दी पाहिली की त्याच्या जिभेचा ब्रेक निकामी व्हायचा.

"राहू द्या नं, बाबाराव," तो मोठ्यानं म्हणाला. "तिचं काय कामच हाय? दोरच त वढाचा हाय. गाडीचा बैलबी वढन. खरं काम मिठाचं हाय, आन् मीठ म्या मोजलं!"

लोक हसले. रुपीबाई हसली नाही. ती वळली, रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली आणि नेमसिंगच्या स्टुलावर बसली. मी चहा सांगितला. तिनं घेतला नाही. मला नेमसिंगचा इतका राग आला, की हातातलं चाक सरळ करता करता मी आणखी वाकडं करून ठेवलं. मग ते तसंच टाकून तमाशा बघायला आत गेलो.

दोरावर बसवला होता भीमराज. हा जिनातलाच, सरकी काढायच्या रेच्यांवर काम करणारा, शहाणा आणि कामसू. छपन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला तेव्हापासून तो अंगारे-धुपारे, नवस-दृष्ट यांच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. नेमसिंगनं त्याला खूण ठरवून दिली होती: तो मान हलवील तसे प्रेसपासून पडवीपर्यंत उभ्या केलेल्या माणसांच्या रांगेतून हात होतील; हात वर झाला की ओढायचं, खाली गेला की सोडायचं. रांजण मागच्या पडवीत, प्रेस पुढच्या घरात, मध्ये लांब तारा ताणलेल्या. प्रेसच्या आसपासची रुई आधीच झाडून काढून जमीन ओली केलेली.

सुरुवात झकास झाली. जाळ लागला, सांधा धरू लागला. शेठ काळी काच डोळ्याला लावून पाहत होते आणि मान हलवत होते. गर्दीतून कोणी म्हणालं, "वा रे पठ्ठ्या!" कोणी म्हणालं, "काय निळा जाळ हाय!" आणि नेमकी ती वाहवा लालीबाईच्या कानावर पडली.

म्हातारीचा एकुलता एक लेक, आणि एवढ्या डोळ्यांपुढं. तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली, मूठभर मीठ घेतलं आणि लांबूनच लेकावरून ओवाळलं. मग ते टाकायला पाणी शोधत पडवीत गेली. पाण्यात मीठ विरघळलं की दृष्ट विरघळली, हा तिच्या घरचा रिवाज. पाणी समोरच होतं, रांजणभर.

भीमराजनं म्हातारीला मूठ ओवाळत येताना पाहिलं. आणि असल्या गोष्टींकडे पाहायचंसुद्धा नाही असा त्याचा नेम असल्यामुळे त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या पाठीमागं मीठ रांजणात गेलं. एक मूठ, मग दुसरी, कारण आज गर्दी जास्त होती.

इंजिनानं धाप टाकली. मग दुसरी टाकली. रुपीबाई असती तर पहिल्याच धापेला पत्रा वर गेला असता. भीमराज खुणेची वाट पाहत भिंत बघत होता. तिकडे जाळ एकदम फुत्कारला, ठिणग्यांचा पाऊस पडला, शेठ काच टाकून मागं पळाले आणि रांगेतला हात वर होईपर्यंत पट्टा सुटून भिंतीवर आदळला होता. जाळ विझला. बिजागरीला भलं मोठं भोक पडलं होतं, पलीकडचा बाबारावांचा चेहरा त्यातून दिसत होता.

नेमसिंग पडवीत धावत आला, मागोमाग शेठ आणि आम्ही सगळे. रांजणातून वाफा निघत होत्या आणि लालीबाई पुरचुंडी बांधत होती.

"याडी!" तो ओरडला. याडी म्हणजे आई. "मीठ टाकलं का तुनं याच्यात?"

"टाकलं त. दृष्ट नको काढू का?"

नेमसिंगला हायसं वाटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. तो लगेच शेठकडे वळला. "पाह्यलं, शेठ? माहं माप बिघडवलं म्हातारीनं! दोन ओंजळीच्या वर एक कण चालत नाही. म्हूनच हे झालं. नाही त आजवर कवा झालतं का असं?"

"काहून रे बाप्पा?" लालीबाई म्हणाली. तिला खरंच कळेना. "मी त रोजच टाकतो."

"रोज?"

"तू काम कराले बसला का लोक पाह्याले जमते. मंग मी येतो मांगून आन् टाकतो. कवा एक मूठ, कवा दोन. पोरं जास्त असली त तीनबी. रुपीले ठाऊक हाय. थे त म्हणते, टाका याडी, मी पाह्यतो. आजच काय झालं तुह्या जाळाले?"

रांजणातलं पाणी सूं सूं करत होतं. मग कोणीतरी फिदकन हसलं आणि ते हसू पडवीतून फाटकापर्यंत गेलं. मी नाही हसलो. खोटं कशाला सांगू, थोडा हसलो. पण नेमसिंगचं तोंड पाहिलं आणि हसू आटलं. वर्षभर तो ज्या मापाची दवंडी पिटत होता, ते माप कधी अस्तित्वातच नव्हतं. रोज रांजणात वेगळंच पाणी होतं, आणि रोज कोणीतरी न बोलता ते सावरून घेत होतं. तो खाली मान घालून आपल्या ओंजळीकडे पाहत राहिला.

भीमराज म्हणाला, "नेमसिंगभाऊ, मी पाह्यलं असतं. पण मी असल्याकडे पाह्यत नसतो." त्याचंही चुकलं नव्हतं.

शेठनी घड्याळ काढलं. "दुपारच्या गाडीला वेळ आहे," ते म्हणाले. "तोपर्यंत भोक बुजवून दाखव. नाहीतर बाबाराव, पिशवी भरा."

नेमसिंग रस्ता ओलांडून माझ्या दुकानाकडे आला. मागं अर्धं गाव. रुपीबाई स्टुलावर तशीच. काय झालं ते तिला कळलं होतं. राळेगावात बातमीला पाय लागत नाहीत.

"चाल," तो म्हणाला.

"बैल घेऊन जा नं," ती म्हणाली. "वढते म्हणे थो."

मी चाकात डोकं घातलं. नवरा-बायकोच्या मध्ये पडलेल्या शहाण्याचं काय होतं ते मला माहीत आहे.

"रुपी, गाडीचा टाइम होऊन राह्यला."

"तुमी जे फाटकापाशी बोल्ले, थेच आता फाटकापाशी उलटं बोला. मंग येतो. मले दुसरं काई नाही पाह्यजे."

नेमसिंग फाटकाशी जाऊन उभा राहिला. घसा खाकरला. "भाऊहो," तो म्हणाला, "माही बायको लय हुशार हाय. मीच शिकवली तिले..."

"उलटं बोला म्हटलं," दुकानातून रुपीबाईचा आवाज आला. "तिरपं नाही."

लोक पुन्हा हसले. नेमसिंगनं पुन्हा सुरुवात केली. "दोर वढणं बी काई सोपं काम नोहे. माह्यासारख्या मानसाच्या हाताखाली..." आणि आपणच थांबला. मुखवटा काढून काखेत धरला होता, तो त्यानं जमिनीवर ठेवला. या माणसाला मी इतके दिवस ओळखत होतो, पण शब्द शोधताना त्याला पहिल्यांदाच पाहत होतो.

"जाळ मी थिर नाही करत," तो म्हणाला. आवाज एवढा लहान, की मागच्यांना ऐकू गेलं नसेल. मग मोठ्यानं म्हणाला, "रुपी करते. मले मालूमच नव्हतं. मले वाटे, मीच करून राह्यलो. आज सकाळी मी तिले बैल म्हटलं, आन् बैल मी होतो."

त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, आणि बढाईखोर माणसासाठी आपले डोळे भरावेत याचा मला परत राग आला.

रुपीबाई उठली. त्याच्याकडे न पाहता फाटकातून आत गेली. बाबाराव सवयीनं म्हणाले, "शेठ, बाईमाणूस..." शेठ म्हणाले, "बाबाराव, मला गाठ बांधायची आहे."

तिनं रांजणातलं अर्धं पाणी उपसून फेकलं, नवं ओतलं, मीठ काही मोजलं नाही. जाळाकडे पाठ करून बसली आणि दोर हातात घेतला. पट्टा चढला, इंजिन चालू झालं. भोक बुजवायचं म्हणजे जाळ मंद हवा आणि तरी विझता कामा नये; गाभण गाय उताराला नेण्यासारखं काम. लालीबाई कोपऱ्यात पुरचुंडी चाचपत उभी होती. तिला धीर निघत नव्हता, पण हिंमतही होत नव्हती.

"टाका याडी," रुपीबाई मागं न वळता म्हणाली. "मनात आलं तेवढं टाका. मी बसली हाय."

म्हातारीनं टाकलं. भीमराज या वेळी डोळे वासून पाहत होता. दृष्ट काढण्याकडे नाही, दोराकडे. मीठ पाण्यात पडायला आणि पत्रा वर सरकायला एकच वेळ. प्रेसमधून भजी तळल्यासारखा आवाज येत राहिला, जरा वर नाही, जरा खाली नाही. इंजिन एकसारखं फुकफुकत राहिलं. थरावर थर चढत भोक भरलं.

बिजागरी थंड होऊ दिली. मग पेटीत रुई भरली, दार लावलं, दाब दिला. दार कुरकुरलं, पण बिजागरी हलली नाही. गाठ बाहेर पडली तेव्हा हमालांनी टाळ्या वाजवल्या. बाबाराव पिशवी घेऊन उभे होते, त्यांनी ती हळूच भिंतीमागं ठेवली.

"शाब्बास," शेठ म्हणाले. "नेमसिंग, आजपासून तू इथला मिस्त्री."

जे शब्द ऐकायला हा माणूस वर्षभर झुरला, ते आले. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहू लागले, की आता किती वेळ बोलतो.

"एकट्याले नोका म्हणू, शेठ," नेमसिंग म्हणाला. "काडी मी धरतो. जाळ थे धरते. मिस्त्री म्हणाचं त दोघालेबी म्हणा."

"बाईला मिस्त्री?" शेठ हसले. "अरे, असं कुठं असतं? तिला रेजाच्या, मजुरणीच्या कामावर लावून घेतो."

"मंग नागपूरचा मानूस आना," नेमसिंग म्हणाला. "आमचा रांजण आमी नेतो."

रुपीबाई दोर गुंडाळत होती, ती थबकली. "अवो," ती हळूच म्हणाली, "झालं आता. फाटकापाशी बोल्ले, तेवढं भरलं. आता बढाई नोका मारू. जागा घ्या नं."

"हे बढाई नोहे, रुपी," तो म्हणाला.

आणि खरंच नव्हती. तिला ते कळलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. शेठनी एकदा बंड्यांच्या रांगेकडे पाहिलं, एकदा बिजागरीकडे. ते व्यापारी होते. "दोघंही या उद्यापासून, मिस्त्रीच्याच कामावर," ते म्हणाले. "कोणाला काय म्हणायचं ते गाव ठरवील."

गावाला ठरवायला दुपारसुद्धा लागली नाही. एसटीच्या थांब्यापासून तांड्यापर्यंत सगळे तिला 'मिस्त्रीन' म्हणायला लागले. रुपी मिस्त्रीन. बाबारावसुद्धा, आधी दबकत, मग सवयीनं. आणि नेमसिंग? एका घरात दोन मिस्त्री बोलायला लोकांना अवघड जायचं. तेव्हा त्याला सगळे 'मिस्त्रीनीचा नेमसिंग' म्हणू लागले. पण 'ए' कोणी म्हणालं नाही. मला वाटलं होतं, हा माणूस खचेल. कसला खचतो! त्यानं त्याचीही बढाई मारायला सुरुवात केली. "बायको मिस्त्रीन असणारा मानूस दाखव नागपूरपर्यंत," असं माझ्याच स्टुलावर बसून मला ऐकवायचा.

पुढं काही वर्षांनी गावात बोर्डाची वीज आली. खांब रोवले जात होते, तेव्हा एकाचा लोखंडी पाय तुटला आणि साइटवरच्या साहेबाला कोणीतरी जिनाचा पत्ता दिला. साहेब जीपमधून उतरला आणि माझ्या दुकानाशी येऊन विचारू लागला, "इथले नेमसिंग मिस्त्री कोण?"

नेमसिंग चहा पीत बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा परक्या साहेबानं त्याला पूर्ण नावानं, मिस्त्री लावून विचारलं होतं. मी हातातला पाना खाली ठेवला. त्यानं कप बाजूला केला, उठून नमस्कार केला आणि स्टूल साहेबाकडे सरकवलं.

"मिस्त्रीन पाणी भराले गेली जी, येतेच आता," तो म्हणाला. "मी तिचा घरवाला. काडी धरतो. बसा, तवर चहा घ्या."